उच्च ऊर्जा सैद्धांतिक भौतिकी आणि महाविद्यालयाचा उंबरठा : प्रा. रोहिणी गोडबोले यांच्या कार्याच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, हे सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी १२ मार्च रोजी डॉ. होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या अध्यक्षांना एक पत्र पाठवून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु पुढे याच दोन व्यक्तींच्या सहकार्यातून स्वतंत्र भारताच्या विज्ञानाची रचना उभी राहिली. त्या रचनेत संशोधन संस्थेला कोणते स्थान मिळाले आणि महाविद्यालयाला कोणते, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

आपल्या जिल्ह्याच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. उच्च ऊर्जा सैद्धांतिक भौतिकी, म्हणजे मूलकण आणि त्यांच्यातील बले यांचा गणिती अभ्यास, हा विषय मोठ्या संस्थांचा व परदेशी विद्यापीठांचा आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी प्रा. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांच्या कार्याचा आधार घेतला आहे. त्या पुण्याच्या होत्या, त्यांनी पुणे विद्यापीठाची पदवी घेतली होती आणि त्यांचे सर्वाधिक गाजलेले संशोधन मुंबई विद्यापीठात अध्यापक असताना झाले. या तीनही गोष्टी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

१. संस्था आणि विद्यापीठ

भाभा स्वतः उच्च ऊर्जा भौतिकीचे अग्रगण्य संशोधक होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाची त्यांनी १९३५ च्या सुमारास केलेली गणना आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. त्यांच्या प्रस्तावानुसार टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम १ जून १९४५ रोजी बंगळूर येथे सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती मुंबईस आली. कुलाब्याच्या इमारतीची कोनशिला नेहरूंनी १९५४ मध्ये बसविली आणि तिचे उद्घाटनही त्यांनीच १९६२ मध्ये केले.

ही संस्था नसती तर भारतात या विषयाची परंपरा निर्माण झाली नसती, हे निर्विवाद आहे. परंतु या रचनेचा दुसरा परिणामही लक्षात घेतला पाहिजे. संशोधन एका ठिकाणी आणि पदवीचे अध्यापन दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी हळूहळू रूढ झाली. संशोधन विद्यापीठांबाहेर गेल्यास विद्यापीठे दुबळी होतील, अशी चिंता मेघनाद साहा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्या काळातच व्यक्त केली होती. ही विभागणी कागदोपत्री पूर्ण नव्हती. टाटा संस्थेला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळेपर्यंत तेथील अनेक विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचीच पीएच.डी. घेत असत. प्रत्यक्षात मात्र प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि परदेशी संशोधकांचा राबता संस्थेकडे राहिला, तर परीक्षा, उत्तरपत्रिका आणि मोठे वर्ग महाविद्यालयांकडे राहिले.

२. पुणे विद्यापीठाची पदवी

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ रोजी पुण्यात झाला. बी.एस्सी.चे शिक्षण त्यांनी सर परशुरामभाऊ महाविद्यालयात घेतले. १९१६ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय त्या वेळी पुणे विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्या काळात आजच्यापेक्षा मोठे होते. पुणे, नाशिक व अहमदनगर या जिल्ह्यांबरोबरच धुळे व जळगाव हे जिल्हेही १९९० पर्यंत त्यात मोडत असत. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालयही त्याच विद्यापीठाच्या कक्षेत होते.

याचा अर्थ असा की, १९७० च्या सुमारास गोडबोले ज्या विद्यापीठाच्या परीक्षेला बसल्या, त्याच विद्यापीठाच्या परीक्षेला नगर जिल्ह्यातील विज्ञानाचे विद्यार्थीही बसत होते. शहर, ग्रंथालय, घरातील वातावरण आणि इंग्रजीची सवय यांत फरक असणारच, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासक्रम आणि पदवी यांच्या पातळीवर पुणे व नगर यांच्यात भिंत नव्हती. पुढचा प्रवास मात्र विद्यापीठाच्या कक्षेबाहेरचा झाला. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथून एम.एस्सी. करून त्या अमेरिकेस गेल्या आणि न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रूक येथील शाखेतून १९७९ मध्ये त्यांनी कणभौतिकीत पीएच.डी. मिळविली. त्यानंतर भारतात परतून काही काळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केल्यावर १९८२ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात रुजू झाल्या.

३. प्रकाशकणाच्या पोटात काय आहे?

मुंबई विद्यापीठातील काळात त्यांनी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासमवेत जे काम केले, ते समजून घेण्यासाठी पदवीच्या वर्गातील एका परिचित पाठापासून सुरुवात करता येते. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशविद्युत परिणामाचे स्पष्टीकरण देताना प्रकाश हा ऊर्जेच्या पुंजांनी बनलेला असतो, असे मानले. तेव्हापासून फोटॉन म्हणजे वस्तुमान नसलेला, विद्युतभार नसलेला, अंतर्रचना नसलेला कण, अशी व्याख्या आपण विद्यार्थ्यांना देतो. कमी ऊर्जेच्या प्रयोगांसाठी ती पुरेशी आहे.

ऊर्जा फार वाढली की चित्र बदलते. पुंज सिद्धांतानुसार फोटॉन अत्यल्प काळासाठी क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीत रूपांतरित होऊ शकतो. या जोडीतून ग्लुऑन बाहेर पडतात आणि त्या क्षणापुरता फोटॉन हा प्रोटॉनसारखा, घटकांनी भरलेला कण असल्याप्रमाणे वागतो. अशा फोटॉनची प्रोटॉनशी टक्कर झाली तर दोन शक्यता उद्भवतात. एकतर संपूर्ण फोटॉन टकरीत भाग घेतो, किंवा त्यातील एखादा क्वार्क वा ग्लुऑनच टकरीत भाग घेतो आणि उरलेला भाग मूळ दिशेने पुढे निघून जातो. दुसऱ्या प्रकाराला ‘विघटित फोटॉन प्रक्रिया’ असे म्हणता येईल.

फोटॉनला अशी रचना असू शकते, ही कल्पना ड्रीस आणि गोडबोले यांची नव्हे. एडवर्ड विटन यांनी १९७७ मध्ये क्वार्कांच्या सिद्धांतावरून तिची गणना केली होती. ड्रीस आणि गोडबोले यांचे श्रेय असे की, येऊ घातलेल्या यंत्रांत या प्रक्रियेचे प्रमाण किती असेल, हे त्यांनी आकड्यांत मांडले. हॅम्बुर्ग येथे सुमारे ६.३ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात हेरा हे इलेक्ट्रॉन–प्रोटॉन कोलायडर उभारले जात होते. तेथे फोटॉनमुळे निर्माण होणाऱ्या कणझोतांत विघटित प्रक्रियेचा वाटा मोठा असेल, असे त्यांनी १९८८ मध्ये दाखविले. हेरा १९९२ मध्ये कार्यान्वित झाले आणि तेथील दोन्ही प्रयोगगटांना पहिल्याच वर्षी अशा प्रक्रियांच्या खुणा मिळाल्या. त्याच वर्षी जपानमधील ट्रिस्टन या यंत्रावरील एमी गटानेही दोन फोटॉनांच्या टकरीत त्यांचा पुरावा प्रसिद्ध केला.

१९९१ मध्ये या दोघांनी आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची सरळ रेषेत टक्कर घडविणाऱ्या भावी यंत्रांचे अनेक आराखडे चर्चेत होते. इलेक्ट्रॉनांची टक्कर स्वच्छ असते, तिच्यात प्रोटॉनांच्या टकरीसारखा कचरा नसतो, हे या यंत्रांचे मुख्य आकर्षण होते. परंतु अशा यंत्रात कणांचे पुंजके अतिशय बारीक करावे लागतात. समोरासमोर येणाऱ्या पुंजक्यांच्या प्रखर क्षेत्रामुळे कण वळतात आणि फोटॉन बाहेर टाकतात. हे फोटॉन परस्परांवर आदळले आणि त्यांची अंतर्रचना विचारात घेतली, तर क्वार्कजन्य कणांचा मोठा पसारा प्रत्येक टकरीबरोबर निर्माण होऊ शकतो, असा इशारा या निबंधाने दिला. काही आराखड्यांमध्ये तर ही पार्श्वभूमी इतकी मोठी ठरत होती की, स्वच्छ टकरीचा दावाच धोक्यात यावा.

या इशाऱ्यावर वाद झाला. पुढील अभ्यासांत काही अंदाज खाली आले. परंतु प्रश्न मात्र कायमचा विचारात घेतला गेला. युरोपातील सर्न या प्रयोगशाळेने क्लिक नावाच्या भावी यंत्राचा जो आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सर्वोच्च ऊर्जेला पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीमागे सरासरी सुमारे ३ अशा घटना गृहीत धरून शोधक यंत्रणा आखलेली आहे. अब्जावधी खर्चाच्या यंत्राच्या रचनेत जिची दखल घ्यावी लागते अशी ही गणना, कागद, पेन्सिल आणि त्या काळच्या साध्या संगणकाच्या आधारे झाली. निबंधावर गोडबोले यांचा पत्ता होता मुंबई विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, विद्यानगरी, सांताक्रूझ.

४. न सापडलेल्या कणांचा हिशेब

१९९५ मध्ये गोडबोले बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत तिच्याशी निगडित राहिल्या. या काळातील त्यांच्या कामाचा मोठा भाग हिग्ज कण, टॉप क्वार्क आणि सुपरसिमेट्री, म्हणजेच अतिसममिती, यांच्याशी संबंधित होता. अतिसममितीच्या सिद्धांतानुसार प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जोडीदार कण असला पाहिजे. ड्रीस आणि टाटा संस्थेतील प्रबीर रॉय यांच्यासमवेत त्यांनी या जोडीदार कणांवर लिहिलेला बृहद्ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो जगभर संदर्भग्रंथ म्हणून वापरला गेला.

४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली. त्याचे वस्तुमान सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके आढळले. अतिसममितीच्या सर्वांत साध्या प्रतिमानाने घातलेल्या सुमारे १३५ अब्जांच्या मर्यादेत हे वस्तुमान बसत होते. तथापि, जोडीदार कणांपैकी एकही आजवर सापडलेला नाही. एका संपूर्ण पिढीने ज्या कल्पनेवर काम केले, तिला निसर्गाने अद्याप दुजोरा दिलेला नाही, हे या क्षेत्राच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वास्तव होय.

हे काम वाया गेले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. कोणता कण कोठे शोधावा आणि तो न सापडल्यास कोणता पर्याय बाद होतो, हे आधी गणिताने सांगितलेले असल्यामुळेच ‘सापडला नाही’ या विधानाला अर्थ प्राप्त होतो. म्यूऑन या कणाच्या चुंबकीय गुणधर्माचे प्रकरण याच स्वरूपाचे आहे. मोजमाप आणि सिद्धांत यांच्यातील तफावतीमुळे अनेक वर्षे नव्या कणांची आशा धरली जात होती. २०२५ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेने एक अब्जात सुमारे १२७ भाग इतक्या अचूकतेने अंतिम मोजमाप जाहीर केले. त्याच वर्षी सिद्धांतकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुधारित गणना प्रसिद्ध केली आणि तफावत जवळजवळ नाहीशी झाली. ही तफावत प्रयोगाने नव्हे, तर सैद्धांतिक गणनेतील सुधारणेने मिटली, ही बाब लक्षणीय आहे. नव्या कणाची बातमी नसतानाही सैद्धांतिक भौतिकीचे काम चालू असते, आणि ते मोजदादीच्या अचूकतेचे काम असते.

५. विद्यार्थिनींचा प्रश्न

गोडबोले यांच्या कार्याची दुसरी बाजू भौतिकशास्त्रातील स्त्रियांच्या अल्प प्रमाणाशी संबंधित आहे. प्रा. राम रामस्वामी यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा ग्रंथ भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रकाशित केला. सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची जीवने त्यात आली आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे स्मरण करून देणारे हे शीर्षक महाराष्ट्रातील वाचकाला विशेष जवळचे वाटते.

नगरच्या संदर्भात या विषयाला ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून नगर येथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले आणि सावित्रीबाई फुले यांनी येथे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला २०१४ पासून सावित्रीबाईंचेच नाव आहे. भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गात आज मुली मोठ्या संख्येने दिसतात. संशोधनाच्या पातळीवर ही संख्या का घटते, हा गोडबोले यांनी सातत्याने मांडलेला प्रश्न होता. मुलींमध्ये गुणवत्ता कमी असते म्हणून नव्हे, तर नोकरी, स्थलांतर आणि कौटुंबिक जबाबदारी यांची वर्षे नेमकी एकत्र येतात म्हणून ही गळती होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा प्रश्न संशोधन संस्थेत जाणवतो. परंतु पुढे शिकण्याचा निर्णय विद्यार्थिनी बहुधा महाविद्यालयात असतानाच घेते.

६. ग्रंथालयाची भिंत आणि वेळेची भिंत

१९९१ पूर्वी या क्षेत्रातील नवे शोधनिबंध छापील प्रतींच्या रूपाने टपालाने फिरत. ज्या संस्थेचे नाव पाठविणाऱ्याच्या यादीत असेल तिला ते मिळत, इतरांना नियतकालिक छापून येईपर्यंत थांबावे लागे. जिल्ह्याच्या महाविद्यालयात तर ते नियतकालिकही येत नसे. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी निबंध संगणकाद्वारे पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. ती प्रथम सुरू झाली ती उच्च ऊर्जा सैद्धांतिक भौतिकीसाठीच. आज अर्काइव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भांडारात वीस लाखांहून अधिक निबंध विनामूल्य उपलब्ध आहेत. सर्नने २०१४ पासून प्रयोगांची आधारसामग्रीही खुली करण्यास प्रारंभ केला. टकरींचे गणिती अनुकरण करणाऱ्या प्रमुख संगणक प्रणालीही विनामूल्य मिळतात.

म्हणजे कोणत्याही अन्य विज्ञानशाखेच्या आधी याच शाखेत ग्रंथालयाची भिंत पडली. तरीही जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून या विषयाचे संशोधन पुढे आल्याचे अभावानेच दिसते. याची कारणे साधनांपेक्षा वेळेत आणि सोबतीत शोधावी लागतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे अध्यापन करावे लागते. परीक्षा, मूल्यांकनाची कागदपत्रे आणि समित्यांचे काम त्याखेरीज असते. सैद्धांतिक गणनेला यंत्र लागत नाही; परंतु सलग वेळ लागतो आणि चूक दाखविणारा सहकारी लागतो. गोडबोले यांनाही मुंबई विद्यापीठात अध्यापन होतेच. त्यांच्याजवळ ड्रीस यांच्यासारखा दीर्घकाळचा सहकारी होता आणि त्याच शहरात टाटा संस्थेचे चर्चासत्र होते. नगरमधील अध्यापकाला या दोन गोष्टी मिळत नाहीत, हा खरा फरक आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान मिळाले आहे. हा बदल केवळ प्रकल्पाच्या बांधीव प्रतींपुरता उरू नये, असे वाटत असेल तर काही साध्या गोष्टी करता येतील. प्रकाशविद्युत परिणाम शिकविताना फोटॉनच्या अंतर्रचनेचा उल्लेख करता येईल. सर्नच्या खुल्या आधारसामग्रीवर विद्यार्थ्यांकडून एक आलेख काढून घेता येईल. दोन-तीन महाविद्यालयांतील अध्यापकांना मिळून महिन्यातून एकदा एका निबंधाचे वाचन ठेवता येईल. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही. मात्र आठवड्याच्या वेळापत्रकात त्यासाठी तास राखून ठेवावा लागेल, आणि तो निर्णय प्राचार्य व संस्थाचालकांचा आहे.

समारोप

प्रा. गोडबोले यांना २०१९ मध्ये पद्मश्री आणि २०२१ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, महाराष्ट्रातील उच्च ऊर्जा सैद्धांतिक भौतिकीचा इतिहास केवळ कुलाब्याच्या संस्थेचा इतिहास नाही. परशुरामभाऊ महाविद्यालयाचा वर्ग आणि मुंबई विद्यापीठाचा विभाग हेही त्याचे घटक आहेत. दुसरा असा की, संस्था आणि महाविद्यालय यांतील अंतर हे विषयाच्या स्वरूपातून आलेले नसून १९४५ नंतरच्या धोरणातून आणि आजच्या कामाच्या वाटपातून आले आहे. धोरणातून आलेले अंतर धोरणाने कमी करता येते. तिसरा निष्कर्ष आपल्या जिल्ह्यापुरता आहे. शोधनिबंध, आधारसामग्री आणि संगणक प्रणाली आज नगर, संगमनेर वा कोपरगाव येथील अध्यापकाच्या टेबलावर तितक्याच सहज पोहोचतात, जितक्या त्या कुलाब्यात पोहोचतात. त्यांचा उपयोग होत नसेल, तर त्याचे कारण साधनांच्या अभावात नव्हे, अध्यापकाच्या वेळापत्रकात शोधले पाहिजे.